वंशावळीतली दुसरी ओळ

करावे गाव, सीवूड्स
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५
(स्पीड पोस्ट, पोचपावतीसह)

श्री. अंकुश पोपट हिवराळे, खांदेश्वर, यांस —

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते. कुठे चूक आढळली तर क्रमांक देऊन कळवा.

१. १९९६ साली पोपट आणि मुक्ताबाई हिवराळे यांना दुसरं मूल झालं. पहिले तुम्ही. तेव्हा तुम्ही चौदा वर्षांचे होता.

२. त्या मुलाला मुलग्याचं नाव दिलं गेलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

३. डिसेंबर २०१९ मध्ये मी घरी सांगितलं की मी मुलगी आहे. दुसऱ्या दिवशी घर सोडलं.

४. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी आबा, म्हणजे पोपट हिवराळे, वारले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी खांदेश्वरला आले होते. मंडपात बसले नाही.

५. डिसेंबर २०२१ पासून हार्मोनचे उपचार सुरू झाले.

६. २१ जून २०२२ रोजी तुमची मुलगी अस्मिता हिच्या इंजिनियरिंग प्रवेशासाठी तुम्ही जात पडताळणी समितीकडे वंशावळीचं शपथपत्र दिलं. त्यात पोपट या नावाखाली दोन ओळी आहेत. पहिली, अंकुश. दुसरी, माझं जुनं नाव आणि त्यापुढे कंसात ‘मयत’.

७. २०२३ मध्ये मला जिल्हाधिकाऱ्यांचं तृतीयपंथी म्हणून प्रमाणपत्र मिळालं आणि राजपत्रात नाव बदलून संघमित्रा झालं. मार्च २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसरी. त्या दोन्हींच्या मध्ये, ऑगस्टमध्ये, सुधारित प्रमाणपत्र मिळालं. त्यावर लिंग ‘स्त्री’ आहे. आधार आणि पॅनवरही.

८. २ जून २०२५ रोजी मी एका सरकारी जलशुद्धीकरण केंद्रात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले. पद अनुसूचित जाती, महिला या प्रवर्गातलं आहे. जात वैधता प्रमाणपत्र सहा महिन्यांत, म्हणजे १ डिसेंबरपर्यंत, दिलं नाही तर नियुक्ती रद्द होते.

९. मी वैधतेसाठी अर्ज केला. रक्ताच्या नात्यातली वैधताधारक म्हणून अस्मिताचं नाव दिलं.

१०. ३ सप्टेंबरला समितीची नोटीस आली. प्रत जोडली आहे.

नोटिशीचा अर्थ साधा आहे. माझ्या कागदांप्रमाणे मी पोपट हिवराळे यांचं दुसरं मूल आहे, नाव बदललेलं. तुमच्या शपथपत्राप्रमाणे ते मूल मेलेलं आहे. दोन्ही कागद शपथेवर केलेले आहेत. मी तीच व्यक्ती आहे असं वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं शपथपत्र समितीने मागितलं आहे. आबांना भाऊ नव्हता. आजोबांच्या बाजूचं मूळ गावी, परतूरला, कोणी उरलेलं नाही. असा नातेवाईक एकच आहे.

सुनावणी मंगळवारी, १८ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता आहे.

तुम्ही एक सुधारित शपथपत्र करावं अशी विनंती आहे. मसुदा जोडला आहे. चार वाक्यं आहेत. माझ्या वकील राजेश्वरीताई यांचं मत असं, की सुनावणीआधी तुम्ही स्वतःहून दुरुस्ती केली तर ती चूक धरली जाईल. आपल्या जातीबद्दल शंका नाही, त्यामुळे अस्मिताच्या प्रमाणपत्राला धक्का लागू नये. सुनावणीत समितीने ते उघड केलं, तर ती चूक राहत नाही. ते खोटं शपथपत्र ठरतं, आणि अस्मिताची फाइल पुन्हा उघडू शकते. ती शेवटच्या वर्षाला आहे हे मला माहीत आहे.

याशिवाय मला काही नको. मी घरी येणार नाही.

संघमित्रा पोपट हिवराळे


करावे गाव
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

दादा,

पोचपावती परत आली. त्यावर सही अस्मिताची आहे. सहीखाली दोन बारीक रेघा ओढायची सवय तिला मीच लावली होती, ती आठवीत असताना, बीजगणिताच्या वहीवर. पत्र तुझ्या हातात पडलं की नाही ते मला माहीत नाही. पडलं असं धरून लिहिते.

मागच्या पत्रात तुला ‘तुम्ही’ म्हटलं. ते राजेश्वरीताईंनी सांगितलं म्हणून नाही. मला तसं लिहायला सोपं गेलं.

गेल्या गुरुवारी समितीच्या दक्षता पथकाचे हवालदार घरी चौकशीला आले. घर म्हणजे करावे गावठाणातली एक खोली आणि मोरी. मालकीण भागीरथीबाई. त्या पुढच्या पडवीत सुकट निवडत बसतात, आणि त्यांच्या परवानगीशिवाय आत कोणाला जाता येत नाही, हवालदारालाही नाही. त्यांनी ओळखपत्र दाखवलं, तरी भागीरथीबाई उठल्या नाहीत.

“चाय घे आधी, मंग इचार,” त्या म्हणाल्या.

“चहा नको मावशी. ही तुमची भाडेकरू. कधीपासून राहते?”

“तीन वरसा झाली. भारा टायमावर देते. पानी फुकट घालवत नाय.”

“जात कोणती आहे, काही सांगितलंय का तिनं?”

“ती मला काय ठाव! सुकट खाते, एवरा ठाव हाय.”

हवालदार हसले. माणूस वाईट नव्हता. आत येऊन खुर्चीवर बसले आणि छापील प्रश्न विचारू लागले. मूळ गाव. आबा मुंबईला कधी आले. मार्केटमध्ये माथाडी होते ते कुठल्या विभागात. मी सांगितलं, कांदा-बटाटा. आजोबांचं नाव, आजीचं माहेर, गावातल्या विहाराची जागा. मी सगळं बरोबर सांगितलं. मग त्यांनी तुझ्या शपथपत्राची प्रत काढली आणि दुसऱ्या ओळीवर पेन ठेवलं.

“मॅडम, हे तुम्हीच ना?”

“हो.”

“कागदावर तर तुम्ही वारलात.”

“दिसतंय.”

“मग मी जबाब कोणाचा लिहून घेऊ?”

त्यांनी ते गमतीनं विचारलं. भागीरथीबाई दारातून म्हणाल्या, “जिता मानूस समोर बसलाय, त्याचा लिव!” मग त्यांनी लिहिलं, ‘अर्जदाराचे म्हणणे असे की, सदर मयत व्यक्ती म्हणजे ती स्वतःच होय.’ मी वाचून सही केली. वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती.

ते गेल्यावर भागीरथीबाईंनी विचारलं, “तुजा भाव हाय ना रं? तो कदी आला नाय.” त्या मला कधी ‘रं’ म्हणतात, कधी ‘गो’. दोन्हींत फरक करत नाहीत. मी म्हटलं, लांब राहतो. खांदेश्वर इथून किती लांब आहे ते त्यांनी विचारलं नाही.

तुला वाटत असेल की मी हे सगळं नोकरीसाठी करते आहे. तसं आहे. पण नोकरी गेली तर काय जातं ते तुला नीट कळावं म्हणून उपचारांबद्दल एकदाच लिहिते. पुन्हा लिहिणार नाही.

मार्चची शस्त्रक्रिया साडेसहा तासांची होती. दाखल होताना काउंटरवर म्हणाले, जवळचा नातेवाईक हवा, सही लागते. कायद्याने माझी स्वतःची संमती पुरते. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, कायदा बरोबर आहे, पण उद्या काही झालं तर बॉडी कोण घेणार? माझ्याबरोबर नूरीन होती. रबाळ्याच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, म्हसळ्याकडची.

“मी नातेवाईक,” ती म्हणाली.

“नातं काय?”

“बहीण.”

क्लार्कनं तिचं आधार पाहिलं, माझं पाहिलं. “हे आडनाव, ते आडनाव. बहीण कशी?”

“आई वेगळी, बाप वेगळा, बाकी सगळं सख्खं. लिवा तुम्ही.”

त्यांनी लिहिलं. सहा दिवस मला उठून बसता येत नव्हतं. नूरीन रजा टाकून थांबली. तिचे अब्बा रोज फोन करून विचारायचे, आज तुझी मैत्रीण काय जेवली. त्यांना काय ऑपरेशन आहे ते सांगितलेलं होतं. ते त्यावर एवढंच म्हणाले की बोंबलाचं कालवण देऊ नका, टाक्यांना गरम पडेल.

नंतरचे सहा महिने दिवसातून तीन वेळा एक वेदनादायक काम स्वतःचं स्वतः करावं लागतं, नाहीतर शस्त्रक्रियेची जागा आकसते. मी एकही वेळ चुकवली नाही. तक्ता ठेवला होता. तरी आकसली. म्हणून नोव्हेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया. त्यानंतर तीन महिने लॅबने वाट पाहिली आणि मग पाहिली नाही. या वर्षी ही नोकरी मिळाली. आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, आणि गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते सगळं झालं. मी मात्र असं धरून चालले होते की शेवटी एक दिवस काहीतरी संपेल आणि मी इतर बायकांसारखी बस स्टॉपवर उभी राहीन, कसलाही कागद बरोबर न घेता. तो दिवस आलेला नाही. बॅगेत चौदा कागदांच्या लॅमिनेट केलेल्या प्रती आहेत. त्यांतल्या तेरांवर मी जिवंत आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवसाबद्दल लिहायचं नव्हतं. पण लिहिते. मी पांढरा कुडता आणि पांढरी ओढणी घालून मंडपाच्या बाहेर, पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते. हातात पत्रिका होती, दुसऱ्या कोणाची तरी. दुःखी परिवारात माझं नाव नव्हतं, जुनंही नाही. तू आतून आलास आणि म्हणालास, “कशाला आलास? मायला सहन होणार नाही.” मग पुन्हा म्हणालास, “आणि संघमित्रा? नाव तरी दुसरं घ्यायचं. हे नाव घ्यायची लायकी पाहिजे.” वंदना सुरू झाली. तुझा आवाज मला रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू येत होता.

शपथपत्रासाठी अजून वेळ आहे.

संघमित्रा


करावे गाव
सोमवार, २० ऑक्टोबर २०२५

दादा,

काल अस्मिता इथे आली होती. तिनं तुला सांगितलं नसेल. तिला रागावू नकोस. मी हे लिहिते आहे ते तिच्या परवानगीनं. ती म्हणाली, लिही, कोणीतरी एकदा सगळं लिहायलाच पाहिजे.

भागीरथीबाईंनी तिला पडवीत अडवलं. “तू कोन यांची?”

“मी यांची पुत...” ती थांबली. मग म्हणाली, “भाची.”

ती बारावीत होती तेव्हापासून मी तिला पाहिलं नव्हतं. उंच झाली आहे. आबांसारखं कपाळ. खाटेच्या कडेला बसली, पाय जुळवून, इंटरव्ह्यूला बसतात तशी. पाणी दिलं ते तिनं एका दमात प्यायलं.

“बाबांनी दोन्ही पत्रं वाचली,” ती म्हणाली. “पहिलं तर तीनदा. मग माझ्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये ठेवून दिली.”

“काय म्हणाला?”

“काहीच नाही. आजीवर ओरडले, भाजीत मीठ जास्त आहे म्हणून. मीठ बरोबर होतं.”

मायबद्दल मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं की मायला तू सांगितलं आहेस, मी बंगळूरला असते, तिकडं फोनला रेंज नसते. सहा वर्षं एका शहराला रेंज नाही, आणि माय ते मान्य करते.

मग ती म्हणाली, “आत्या, एक विचारू?”

आत्या. हा शब्द मी चार वर्षं मनात कितीतरी वेळा तिच्या तोंडी घालून पाहिला होता. खरा आला तेव्हा त्याच्या पुढे प्रश्न होता.

“तू अर्ज मागे घेतलास तर? म्हणजे फक्त हा. तुला प्रायव्हेटमध्ये मिळेल ना जॉब? तू एवढी हुशार आहेस.”

मी तिचा ग्लास पुन्हा भरला.

“माझं प्लेसमेंट झालंय. जूनमध्ये जॉइनिंग आहे. फाइल रीओपन झाली तर कॉलेज डिग्री अडकवेल. एका मुलीची अडकली, आमच्याच बॅचच्या. मला इतकं टेन्शन आलंय ना, वायवाला सर काय विचारतात तेच ऐकू येत नाही.”

“म्हणून तर तुझ्या बाबाला लिहिलं. त्यानं दुरुस्ती केली तर तुला काही होणार नाही.”

“ते नाही करणार.”

“का?”

ती माझ्याकडे बघेना. “ते म्हणतात, तिनंच सांगितलं होतं तसं लिहायला. खरंय का?”

मी म्हटलं, “हो.”

“मग पत्रात का नाही लिहिलंस?”

याचं उत्तर मी तिला दिलं नाही. तुला देते.

आमच्या लॅबमध्ये एक नियम होता. दाबमापक दुरुस्तीला आला की आधी तो जसा आला तसा तपासायचा आणि चुकीचा आकडा चुकीचाच लिहून ठेवायचा. मग हात लावायचा. तो पहिला आकडा लिहिला नाही तर नंतरचं सगळं काम रद्द. पाच वर्षं मी तो एकदाही गाळला नाही. तुला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाच आणि सहा यांच्या मध्ये एक क्रमांक मी गाळला. तो असा.

२१ जून २०२२, मंगळवार, दुपारी सव्वाबारा. मी लॅबमध्ये होते. एक मापक जोडलेला होता आणि दाब धरून ठेवलेला होता. तुझा फोन आला. पुण्यानुमोदनानंतर पहिल्यांदा. मागे गर्दीचा आवाज होता.

“नोटरीच्या टेबलावर बसलोय,” तू म्हणालास. “अस्मीच्या व्हॅलिडिटीचं आहे. वंशावळ लिहायची आहे. तुझं काय लिहू?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुझं ते नवीन नाव लिहितो. संघमित्रा. पुढं बहीण लिहितो. चालंल ना? फक्त नावाचा काही कागद असला तर फोटो पाठव, हा माणूस कागद मागतोय.”

माझ्याकडे कागद नव्हता. राजपत्रातली नोंद पुढच्या वर्षी झाली. पण मी तसं सांगितलं नाही. पाच मिनिटं थांब, काहीतरी करता येईल का बघते, असंही म्हटलं नाही. मी म्हटलं, “मयत लिही.”

“काय?”

“जुनं नाव लिही आणि पुढे मयत लिही. पत्रिकेत नव्हतंच. सोपं पडेल तुला. लोकांना सांगायलाही.”

“असं बोलू नये ग,” तू म्हणालास.

“लिही. मला तेच हवंय.” आणि मी फोन ठेवला. तू दोनदा पुन्हा केलास. मी मापकाच्या काट्याकडे बघत उभी राहिले आणि उचलला नाही.

मला वाटलं होतं तू लिहिणार नाहीस. शपथेवर नाही. तू विहारात दर रविवारी पंचशील म्हणवून घेतोस. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी तुझा आवाज किंचित हळू होतो, लहानपणापासून मला माहीत आहे. असा माणूस स्टँप पेपरवर खोटं लिहिणार नाही असं मी धरलं होतं. म्हणून तर या वर्षी अर्जात अस्मिताचं नाव निर्धास्त दिलं. तिला मी यात ओढलं. तू नाही.

तू का लिहिलंस ते मला विचारता आलं असतं. विचारलं नाही. कदाचित मागे रांग होती आणि प्रवेशाची मुदत संपत होती. कदाचित तुला वाटलं असेल की तिनं मागितलेली ही एकच गोष्ट आहे, ती तरी द्यावी.

आणि मी तुला दोन पत्रं लिहिली, पहिलं तर क्रमांक घालून. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू काय बोललास ते शब्दशः लिहिलं. नोटरीच्या टेबलावर बसून, चार माणसांत, मोठ्यानं ‘बहीण लिहितो’ म्हणालास, ते लिहिलं नाही. ते तू सात महिन्यांत कसं जुळवून आणलंस ते मला माहीत नाही. एकट्यानं जुळवलं असशील.

जाताना अस्मिता दारात म्हणाली, “तू बाबांना सॉरी म्हणालीस तर करतील का ग?” मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, “तुम्ही दोघं सेम आहात. डोक्यात जाता.” मग चपला घालून निघाली. भागीरथीबाईंनी तिला सुकट बांधून दिली. ती तुमच्या घरी पोचली नसेल. पिशवी ती पुलावर कोणाला तरी देणार होती, वास आला तर बाबा विचारतील म्हणून.

माफी मागते. अट नाही.

संघमित्रा


करावे गाव
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

दादा,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे सही तूच करशील.

अठरा दिवसांत उत्तर आलं नाही. मी परवा राजेश्वरीताईंकडे गेले आणि त्यांना फोनची हकिगत सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे आधी सांगायला हवं होतंस,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्यासमोर जे मांडलं ते तुला सांगते.

तू सुधारित शपथपत्र केलंस, तर तुझं, अस्मिताचं आणि माझं, तिघांचंही बहुतेक निभावेल. बहुतेक, त्यांनी खात्री दिली नाही. त्यात आता हेही लिहावं लागेल की तेव्हाची नोंद माझ्या सांगण्यावरून झाली. मसुदा बदलला आहे, जोडला आहे. दोष माझ्याकडे येतो. तसा तो यावा.

तू केलं नाहीस आणि मी एकटी सुनावणीला गेले, तर मला विचारतील, तुमचा भाऊ खोटं का बोलला. मी खरं सांगेन. मला दुसरं काही सांगता येणार नाही. मग अस्मिताची फाइल उघडेल.

राजेश्वरीताईंनी तिसरा मार्गही सांगितला. पुढची तारीख मागायची. पण एक डिसेंबर पुढे जात नाही, आणि नियुक्तीपत्रातली ती अट ठळक अक्षरात आहे.

म्हणून मी असं ठरवलं आहे. तुझ्या शपथपत्राशिवाय मी अठरा तारखेला जाणार नाही. अर्ज गैरहजेरीत निकाली निघेल. अस्मिताला कोणी काही विचारणार नाही. डिसेंबरमध्ये माझी नोकरी जाईल. खोली सोडावी लागेल, गोळ्यांचं बघावं लागेल, पण तो माझा प्रश्न आहे. मी पुन्हा कधी पोपट हिवराळे यांचं अपत्य म्हणून कुठेही अर्ज करू शकणार नाही, कारण प्रत्येक वेळी तीच फाइल निघेल. तू जे लिहून दिलं आहेस ते तसंच राहील, आणि काही वर्षांनी त्याला हरकत घेणारं कोणी उरणार नाही.

हे दडपण आणायला लिहिलं आहे असं वाटेल. मलाही वाचताना तसंच वाटलं. पण गाळून लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

मला आता फारसं काही वाटत नाही. कामावर जाते. जलशुद्धीकरणाच्या टाक्यांवर अकरा मापक आहेत, रोज सकाळी त्यांचे आकडे वहीत लिहिते. परवा एक पुढे चालत होता, मी तो काढून दुरुस्त केला. वरिष्ठ म्हणाले, मॅडम, तुम्ही आल्यापासून वही बघायला बरं वाटतं. मी त्यांना सांगितलं नाही की वहीत माझं अक्षर नोव्हेंबरअखेरपर्यंतच असेल.

मंगळवारी आबांना जाऊन चार वर्षं होतात. तू विहारात जाशील. मी येणार नाही, घाबरू नकोस.

तू नाही म्हणालास तर तो तुझा अधिकार आहे आणि मी पुन्हा लिहिणार नाही. पण ते मला तुझ्याकडून कळायला हवं. अस्मिताकडून नको, आणि पोचपावतीवरूनही नको.

शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत उत्तर पाठव. हो किंवा नाही, एवढं पुरे. टपालाला उशीर होईल असं वाटलं तर फोन कर. नंबर २०२२ मध्ये होता तोच आहे. या वेळी मी उचलेन.

संघमित्रा